कादंबरीकार पंतप्रधान : बेंजामिन डिझरायलीच्या जीवनातील कल्पना आणि सत्ता

एकोणिसाव्या शतकातील ब्रिटिश पंतप्रधानांपैकी हिंदुस्थानच्या इतिहासग्रंथांतून वारंवार भेटणारे नाव बेंजामिन डिझरायलीचे होय. सुएझ कालव्याचे भाग, 'हिंदुस्थानची सम्राज्ञी' हा किताब आणि लॉर्ड लिटनची नेमणूक या तीन प्रसंगांशी ते नाव कायमचे जोडले गेले आहे. इंग्रजी साहित्याच्या इतिहासात हेच नाव वेगळ्या प्रकरणात येते. तेथे तो राजकीय कादंबरीचा प्रवर्तक म्हणून ओळखला जातो. इतिहासकार कादंबऱ्यांना फावल्या वेळचा उद्योग समजतात आणि साहित्यसमीक्षक पंतप्रधानपद चरित्रात्मक टिपेत टाकून मोकळे होतात. वस्तुतः ही दोन प्रकरणे एकत्र वाचल्याखेरीज या पुरुषाचे स्वरूप ध्यानात येत नाही. भारतीय भाषांच्या अभ्यासकाला तर ती एकत्र वाचण्याचे विशेष कारण आहे; कारण या कादंबरीकाराच्या सत्ताकाळातच भारतीय भाषांतील वृत्तपत्रांच्या मुखाला कायद्याने बंध घातला गेला.

वंश आणि धर्मांतर

डिझरायलीचा जन्म २१ डिसेंबर १८०४ रोजी लंडनमध्ये झाला. त्याचे आजोबा इटलीतील फेरारानजीकच्या चेंतो गावाहून १७४८ साली इंग्लंडमध्ये आले व व्यापारात स्थिरावले. वडील आयझॅक डिझरायली हे व्यापाराकडे पाठ फिरवून ग्रंथांत रमलेले गृहस्थ. त्यांच्या 'क्युरिऑसिटीज ऑफ लिटरेचर' या संकलनाचा पहिला खंड १७९१ साली प्रसिद्ध झाला आणि त्याने त्यांना चांगली कीर्ती मिळवून दिली. घर ज्यू धर्माचे; परंतु आयझॅक धर्माचाराविषयी उदासीन होते. १८१३ साली सिनेगॉगने त्यांच्यावर एक पद लादले व ते नाकारताच दंड ठोठावला. या तंट्याचा शेवट समाजाशी संबंध तुटण्यात झाला. आजोबांच्या मृत्यूनंतर, १८१७ साली, मुलांना अँग्लिकन चर्चमध्ये बाप्तिस्मा देण्यात आला. त्या वेळी बेंजामिन अवघा बारा वर्षांचा होता.

या घटनेचे महत्त्व नीट लक्षात घेतले पाहिजे. ज्यूधर्मीयांना पार्लमेंटात बसता येत नसे. कारण सभासदाच्या शपथेत ख्रिस्ती श्रद्धेचा उच्चार अनिवार्य होता. लायोनेल द रॉथशिल्ड १८४७ साली लंडनमधून निवडून येऊनही त्याला प्रत्यक्ष स्थान ग्रहण करण्यास १८५८ साल उजाडावे लागले. वडिलांचा तो तंटा झाला नसता, तर मुलाची राजकीय कारकीर्द आरंभीच खुंटली असती. तथापि बाप्तिस्म्याने कायद्याचा दरवाजा उघडला, समाजाचा नव्हे. डिझरायली हे नाव, मुद्रा आणि वंश यांवरून आयुष्यभर त्याची हेटाळणी झाली. तिला त्याने दिलेले उत्तर लज्जेचे नव्हते, अभिमानाचे होते. ज्यू वंश हाच प्राचीन व श्रेष्ठ असून ख्रिस्ती धर्म ही ज्यू धर्माचीच परिपूर्ती होय, असे तो आग्रहाने मांडत राहिला. १८४७ साली ज्यूंच्या प्रवेशाच्या प्रश्नावर स्वपक्षातील बहुसंख्यांविरुद्ध त्याने मत दिले, यावरून हा अभिमान केवळ शब्दांपुरता नव्हता, हे दिसून येते.

उमेदवारीची वर्षे

त्याला विद्यापीठाचे शिक्षण लाभले नाही. १८२१ साली तो वकिलांच्या एका पेढीत उमेदवार म्हणून लागला. दक्षिण अमेरिकेतील खाणींच्या शेअरांचा सट्टा त्याच्या अंगाशी आला आणि विशीतच कर्जाचा जो डोंगर उभा राहिला, त्याने त्याचा अनेक वर्षे पिच्छा पुरवला. प्रकाशक जॉन मरे याच्यासमवेत 'द रिप्रेझेंटेटिव्ह' हे दैनिक काढण्याचा बेतही १८२६ साली फसला. या अपयशातून त्याची पहिली कादंबरी 'व्हिव्हियन ग्रे' जन्मली. ती १८२६ साली निनावी प्रसिद्ध झाली. महत्त्वाकांक्षी, चतुर आणि नीतीच्या बाबतीत सैल अशा तरुणाची ही कथा उच्चभ्रू वर्तुळातल्या कोणा माहीतगाराने लिहिली असावी, असा वाचकांचा समज झाला. लेखक एकवीस वर्षांचा मध्यमवर्गीय ज्यू तरुण आहे हे कळताच कुतूहलाचे रूपांतर उपहासात झाले.

१८३०-३१ मध्ये त्याने भूमध्यसागर व निकटपूर्वेचा प्रवास केला. जेरुसलेमच्या दर्शनाने त्याच्या कल्पनेला कायमचे वळण लावले. बाराव्या शतकातील एका ज्यू वीराच्या बंडावर आधारलेली 'आल्रॉय' ही १८३३ ची कादंबरी या प्रवासाचे फळ होय. इंग्लंडला परतल्यावर त्याने निवडणुका लढवण्यास आरंभ केला. चार वेळा पराभव पत्करल्यानंतर १८३७ साली मेडस्टोनमधून टोरी पक्षातर्फे तो निवडून आला. पार्लमेंटच्या सभासदाला कर्जापायी अटक होत नसे, ही गोष्टही त्या काळी त्याच्या दृष्टीने क्षुल्लक नव्हती. ७ डिसेंबर १८३७ चे त्याचे पहिले भाषण सभागृहाने हास्याच्या कल्लोळात बुडवले. आज खाली बसतो, पण माझे ऐकून घ्यावे लागेल असा दिवस येईल, अशा आशयाचे उद्गार काढून तो खाली बसला. १८३९ साली बारा वर्षांनी वडील असलेल्या मेरी ॲन लुईस या श्रीमंत विधवेशी त्याने विवाह केला. आरंभी त्यात व्यवहाराचा भाग असला, तरी पुढे तो निखळ स्नेहाचा संसार ठरला.

तीन कादंबऱ्या, एक विचार

१८४१ साली सर रॉबर्ट पीलने मंत्रिमंडळ बनवताना डिझरायलीला वगळले. या उपेक्षेच्या काळात तो 'यंग इंग्लंड' या लहानशा गटाचा नायक बनला. काही उमराव तरुणांच्या या गटाला गिरणीमालकांच्या नफ्याच्या तत्त्वज्ञानाचा तिटकारा होता. राजा, चर्च व जमीनदार यांनी गरिबांचे पालकत्व पुन्हा स्वीकारावे, असे त्यांचे स्वप्न होते. हे स्वप्न प्रत्यक्ष राजकारणात फार काळ टिकले नाही. पण त्यातून 'कॉनिंग्सबी' (१८४४), 'सिबिल' (१८४५) आणि 'टॅन्क्रेड' (१८४७) ही कादंबरीत्रयी निर्माण झाली. पहिलीत राजकीय पक्षांची, दुसरीत जनतेच्या स्थितीची व तिसरीत धर्म आणि पूर्व यांची मीमांसा आहे. पक्षाच्या व्यासपीठावर जे मांडता येत नव्हते, ते डिझरायलीने कथेच्या रूपाने मांडले. इंग्रजीत राजकीय कादंबरी हा स्वतंत्र प्रकार येथूनच सुरू झाला, असे बहुतेक इतिहासकार मानतात.

'कॉनिंग्सबी' मधील टॅडपोल आणि टेपर हे पक्षाचे हस्तक तत्त्वांची चिंता करीत नाहीत. निवडणुकीत खपेल अशी घोषणा शोधणे एवढेच त्यांचे काम. जगातील कोणत्याही लोकशाहीच्या वाचकाला ही जोडी आजही अनोळखी वाटणार नाही. सिडोनिया हा सर्वज्ञ ज्यू धनिक मात्र पात्र म्हणून उभा राहत नाही. तो लेखकाचा प्रवक्ता आहे. त्याच्या तोंडून वंशश्रेष्ठत्वाचा जो सिद्धांत येतो, त्याचा हेतू अपमानित समाजाचा स्वाभिमान जागवणे हा असला, तरी वंशाच्याच मापाने माणूस मोजण्याची ही पद्धत पुढील काळात ज्यूद्वेष्ट्यांच्याच हाती शस्त्र म्हणून पडली. डिझरायलीच्या विचारातील हा दोष त्याच्या चाहत्यांनाही नाकारता येत नाही.

'सिबिल' ही या त्रयीतील सर्वांत समर्थ कृती. तिचे उपशीर्षकच 'दोन राष्ट्रे' असे आहे. श्रीमंत आणि गरीब ही एकाच राणीच्या राज्यातील, परंतु परस्परांच्या सवयी, विचार व भावना यांविषयी पूर्णपणे अनभिज्ञ अशी दोन राष्ट्रे आहेत, हे तिचे सूत्र. एग्रेमाँट हा उमरावपुत्र आणि सिबिल ही चार्टिस्ट पुढाऱ्याची कन्या यांच्या प्रेमकथेभोवती गिरण्या, खाणी आणि मजुरांच्या वस्त्यांचे चित्र रेखाटलेले आहे. त्यासाठी डिझरायलीने उत्तरेकडील औद्योगिक प्रदेश पाहिला आणि बालमजुरीसंबंधीच्या सरकारी चौकशीचे अहवाल अभ्यासले. कुलुपे घडवणाऱ्या कारागिरांच्या वॉडगेट गावाचे वर्णन अशा अहवालांतील साधनांवर उभे आहे. सरकारी अहवालाची रूक्ष साक्ष कादंबरीत आणून तिला जिवंत करण्याचा हा आरंभीचा प्रयत्न होय. परंतु कथेचा शेवट लेखकाची मर्यादा उघड करतो. सिबिल ही मुळात उच्च कुळातील असून मोठ्या मालमत्तेची वारस आहे, असे अखेरीस निष्पन्न होते. म्हणजे दोन राष्ट्रांचे मीलन होते असे वाटत असतानाच ते एकाच राष्ट्रातील दोन व्यक्तींचे लग्न ठरते. प्रश्न लेखकाच्या निरीक्षणशक्तीने मांडला. उत्तर मात्र त्याच्या वर्गीय कल्पनेने दिले.

समकालीनांनी या कादंबऱ्यांची दखल निरनिराळ्या रीतीने घेतली. थॅकरेने 'पंच' मध्ये 'कॉडलिंग्सबी' हे विडंबन लिहिले. ट्रोलपच्या राजकीय कादंबऱ्यांतील डॉबेनी हे पात्र डिझरायलीवरूनच बेतलेले आहे. कादंबरीकार स्वतःच दुसऱ्याच्या कादंबरीचा विषय व्हावा, हे भाग्य विरळाच.

सत्तेचा सोपान

१८४६ साली पीलने धान्य आयातीवरील कर रद्द केले, तेव्हा डिझरायलीने आपल्या तिखट भाषणांनी त्याच्यावर हल्ला चढवला. पक्ष दुभंगला, पीलचे मंत्रिमंडळ कोसळले. अनुभवी मंडळी पीलबरोबर गेल्यामुळे उरलेल्या टोरी जमीनदारांना वक्त्याची गरज होती. अशा रीतीने ज्याच्यावर कोणाचाच पुरता विश्वास नव्हता, त्याच्यावाचून कोणाचे चालेना. १८४८ साली मित्रांच्या कर्जाऊ पैशाने त्याने ह्यूएन्डेनची जमीनदारी घेतली. जमीनदारांच्या पुढाऱ्याला जमीन हवीच होती. १८५२, १८५८-५९ व १८६६-६८ अशा तीन अल्पमतातील मंत्रिमंडळांत तो अर्थमंत्री होता. १८५२ च्या डिसेंबरात त्याचे अंदाजपत्रक ग्लॅडस्टनच्या घणाघाती भाषणाने पाडले आणि या दोघांच्या दीर्घ वैराला जाहीर स्वरूप आले.

१८६७ चा सुधारणा कायदा हा त्याच्या डावपेचांचा कळस. नगरांतील घरधारक मजुरांना मताधिकार देणाऱ्या या कायद्याने मतदारसंख्या जवळजवळ दुप्पट झाली. आणि तो घडवला परिवर्तनाला विरोध करणाऱ्या पक्षाने! विरोधकांच्या अनेक उपसूचना स्वीकारीत, पण ग्लॅडस्टनची एकही न स्वीकारता, डिझरायलीने विधेयक पार पाडले. त्यात तत्त्व किती व डाव किती, हा वाद अद्याप मिटलेला नाही. २७ फेब्रुवारी १८६८ रोजी तो पंतप्रधान झाला. तेल लावलेल्या खांबाच्या टोकाला एकदाचा पोहोचलो, असे उद्गार त्याने त्या वेळी काढल्याचे सांगतात. त्याच वर्षीच्या डिसेंबरात ते पद गेले. परंतु १८७४ साली स्पष्ट बहुमताने तो परतला व १८८० पर्यंत सत्तेवर राहिला.

या दुसऱ्या कारकिर्दीत, विशेषतः १८७५ साली, मजुरांच्या घरांचा कायदा, सार्वजनिक आरोग्याचा कायदा आणि शांततामय संपाला गुन्ह्यातून मुक्त करणारा कायदा संमत झाला. तपशिलाचे श्रेय गृहमंत्री रिचर्ड क्रॉस याच्याकडे जाते. डिझरायलीला कलमांचा कंटाळा होता. तथापि तीस वर्षांपूर्वी 'सिबिल' मध्ये मांडलेल्या प्रश्नाचा धागा या कायद्यांपर्यंत पोहोचतो, एवढे म्हणण्यास प्रत्यवाय नाही.

हिंदुस्थान : कल्पनेचा आणि वास्तवाचा

हिंदुस्थानसंबंधी डिझरायलीची भूमिका एकरंगी नव्हती. २७ जुलै १८५७ रोजी, उठावाच्या बातम्यांनी इंग्लंड संतप्त असताना, त्याने कॉमन्स सभेत सुमारे तीन तासांचे भाषण केले. हे लष्करी बंड आहे की राष्ट्रीय उठाव, हा प्रश्न त्याने उघडपणे विचारला. साम्राज्ये काडतुसांच्या चरबीने ढासळत नाहीत, त्यामागे साठत गेलेली कारणे असतात, असा त्याचा युक्तिवाद होता. देशी संस्थाने खालसा करणे व दत्तकाचा हक्क नाकारणे, जमिनीच्या व इनामांच्या हक्कांत ढवळाढवळ करणे आणि लोकांच्या धर्मात हस्तक्षेप करणे ही तीन कारणे त्याने पुढे केली. १८४८ साली सातारचे राज्य खालसा झाले आणि पुढे मुंबई इलाख्यात इनाम कमिशनने वतनांच्या सनदा तपासल्या, तो अनुभव घेतलेल्या महाराष्ट्राला या कारणांची ओळख पटवण्याची गरज नव्हती. कार्ल मार्क्सने न्यूयॉर्कच्या पत्रासाठी या भाषणाचा विस्तृत वृत्तान्त लिहिला. अर्थात विरोधी पक्षाच्या नेत्याला सरकारला कोंडीत धरायचे होते, हेही विसरता येणार नाही.

'टॅन्क्रेड' मध्ये फक्रुद्दीन नावाचा एक चंचल व कारस्थानी अमीर आहे. इंग्लंडच्या राणीने मोठे आरमार जमवावे, खजिन्यासह लंडन सोडावे आणि साम्राज्याचे ठाणे दिल्लीस हलवावे; मग आम्ही तिला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून मान देऊ, अशी अफाट योजना तो रंगवतो. १८४७ च्या वाचकाने ती थट्टा म्हणूनच घेतली असणार. १८७५ च्या नोव्हेंबरात डिझरायलीने इजिप्तच्या खेदिवाचे सुएझ कालव्यातील १,७६,६०२ भाग सुमारे ४० लक्ष पौंडांना रॉथशिल्डच्या कर्जावर विकत घेतले, आणि १८७६ साली राजपदव्यांचा कायदा संमत करून व्हिक्टोरियाला सम्राज्ञी केले. किताबाचा आग्रह मुख्यतः खुद्द राणीचा होता, हे खरे. परंतु त्या आग्रहाला शब्द व दृश्य देणारा मंत्री तिला लाभला होता. एकेकाळी विदूषकी पात्राच्या तोंडी घातलेले स्वप्न लेखकाने स्वतः राज्याचा कायदा म्हणून मांडले.

व्हाइसरॉय म्हणून त्याने रॉबर्ट लिटनची निवड केली. लिटन हा 'ओवेन मेरेडिथ' या टोपणनावाने लिहिणारा कवी आणि डिझरायलीचा जुना स्नेही, कादंबरीकार बुलवर-लिटन याचा पुत्र. महत्त्वाकांक्षा, कल्पनाशक्ती, थोडा अहंकार आणि भरपूर इच्छाशक्ती असलेला माणूस हवा होता व तो मिळाला, असे डिझरायलीने पुढे लिहिले. १ जानेवारी १८७७ रोजी दिल्लीस भव्य दरबार भरला व 'कैसर-ए-हिंद' हा किताब जाहीर झाला. त्याच वेळी दख्खन, म्हैसूर व मद्रास इलाखा भीषण दुष्काळात होरपळत होता. १८७६-७८ च्या या दुष्काळातील बळींचा अंदाज ५० लक्षांच्या वर जातो. दरबारात पुण्याच्या सार्वजनिक सभेच्या वतीने गणेश वासुदेव जोशी, म्हणजेच 'सार्वजनिक काका', हातसुताच्या शुभ्र खादीच्या वेशात उपस्थित राहिले आणि हिंदी प्रजेला ब्रिटिश प्रजेच्या बरोबरीचे राजकीय व सामाजिक स्थान मिळावे, अशी मागणी त्यांनी सभेच्या मानपत्राद्वारे केली. रेशमी छत्र्या व हत्ती यांच्या त्या देखाव्यात हा साधा पोशाख हेच एक प्रत्युत्तर होते.

१४ मार्च १८७८ रोजी लिटनच्या विधिमंडळाने 'प्राच्य भाषांतील' प्रकाशनांच्या नियंत्रणाचा कायदा एकाच बैठकीत संमत केला. या कायद्यान्वये मॅजिस्ट्रेटला मुद्रक व प्रकाशकाकडून जातमुचलका आणि अनामत मागता येई, छापखान्याचे साहित्य जप्त करता येई आणि त्याविरुद्ध न्यायालयात अपील नव्हते. इंग्रजी पत्रे यातून मुक्त होती. अपराधाचे स्वरूप मजकुरावर न ठरता भाषेवर ठरावे, ही या कायद्याची खरी गोम. 'अमृतबझार पत्रिका' तत्काळ संपूर्णपणे इंग्रजी झाली, ही गोष्ट प्रसिद्धच आहे. मराठीत त्या वेळी विष्णुशास्त्री चिपळूणकरांची 'निबंधमाला' चालू होती. आणि १८८१ च्या जानेवारीत 'केसरी' निघाला, तो हा कायदा अस्तित्वात असतानाच. मसुदा कलकत्त्याचा असल्याने त्याचा थेट कर्ता म्हणून डिझरायलीकडे बोट दाखवता येणार नाही. परंतु मंत्रिमंडळाने त्याला पाठीशी घातले आणि पार्लमेंटात त्याच्यावर टीका करण्याचे काम ग्लॅडस्टनने केले. ग्लॅडस्टन सत्तेवर आल्यावर, लॉर्ड रिपनच्या कारकिर्दीत, १८८२ साली तो रद्द झाला. एक कादंबरीकार पंतप्रधान आणि एक कवी व्हाइसरॉय यांच्या राजवटीत देशी भाषांच्या शब्दावर पहारा बसावा, यातील विरोध उघड आहे. लेखणीचे सामर्थ्य ज्यांना ठाऊक असते, त्यांना दुसऱ्याच्या लेखणीचे भयही ठाऊक असते.

अखेरची वर्षे आणि मूल्यमापन

१८७६ साली तो अर्ल ऑफ बीकन्सफील्ड झाला. १८७८ च्या बर्लिन परिषदेत रशियाचा विस्तार रोखून व सायप्रस पदरात पाडून तो विजयी मुद्रेने परतला. परंतु अफगाण युद्ध, १८७९ मधील इसांडल्वाना येथील पराभव, शेतीची मंदी आणि ग्लॅडस्टनची झंझावाती प्रचारमोहीम यांनी १८८० मध्ये त्याची सत्ता हिरावून घेतली. 'लोथेअर' (१८७०) ही माजी पंतप्रधानाची कादंबरी म्हणून गाजली होती. आता 'एन्डिमियन' साठी प्रकाशकाने त्याला १०,००० पौंड दिले. १९ एप्रिल १८८१ रोजी लंडनमध्ये त्याचा मृत्यू झाला, तेव्हा 'फाल्कोनेट' ही कादंबरी अपुरी राहिली होती. उपदेशाच्या आवेशात नीतीचा ताठा मिरवणारा तिचा नायक ग्लॅडस्टनवरून घेतलेला आहे. राजकारणातील शेवटचा शब्द प्रतिस्पर्ध्याला मिळाला, तो कथेत परत घेण्याचा हा प्रयत्न होता.

डिझरायलीने कादंबरी हे राजकारणाचे साधन केले, हे विधान अर्धेच खरे आहे. त्याने राजकारणही कादंबरीप्रमाणेच रचले. पात्रे, प्रसंग, रंगभूषा व अनपेक्षित कलाटणी यांवर त्याची भिस्त असे. या वृत्तीने इंग्लंडला 'दोन राष्ट्रां'ची जाणीव दिली आणि उपेक्षित वंशातील माणूस सर्वोच्च पदास जाऊ शकतो, हे सिद्ध केले. याच वृत्तीने पूर्वेकडील जिवंत समाज त्याला देखाव्याच्या पार्श्वभूमीसारखे दिसू लागले. वॉडगेटच्या कारागिराचे दैन्य जाणण्यासाठी त्याने अहवाल वाचले आणि वस्त्या पाहिल्या. हिंदुस्थानात मात्र त्याने कधीही पाऊल ठेवले नाही, आणि सोलापूर-अहमदनगरच्या दुष्काळपीडिताला त्याच्या कल्पनेत तसे स्थान मिळाले नाही. ते काम त्या त्या भाषेतील लेखक-पत्रकारांना आणि सार्वजनिक सभेसारख्या संस्थांना करावे लागले. साहित्यिक कल्पनाशक्ती सत्तेला सहानुभूती शिकवतेच असे नाही; ज्यांच्याविषयी लेखक जाणून घेऊ इच्छितो, त्यांच्यापुरतीच ती शिकवते. डिझरायलीच्या कादंबऱ्या आणि त्याची राजवट एकत्र वाचणाऱ्या भारतीय अभ्यासकाला ही मर्यादा इंग्रज समीक्षकापेक्षा अधिक स्पष्ट दिसते, कारण तिची किंमत येथे मोजली गेली.